हाकेच्या अंतरावर, तरी यादीत नाही

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पेणमध्ये दोन घाया एकदम चालतात. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतींच्या डोळ्यांची आखणी सुरू असते आणि गावातल्या कर सल्लागारांना ३१ तारखेच्या आत विवरणपत्रं भरायची असतात. अशाच एका ऑफिसात मागे मी दुपारभर अडकलो. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक राउटर. टॅलीचा सगळा डेटा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, बाकीचे तिघे तिथून उचलणारे. सकाळी दोनदा वीज गेली, आली, आणि त्यानंतर कोपऱ्यातला कॉम्प्युटर कुणालाच ‘नेटवर्क’च्या खिडकीत दिसेना. ‘तो गेला,’ असं मालकांनी जाहीर केलं. तो जागेवरच होता, त्याचा पंखा खोलीभर ऐकू येत होता.

‘दिसत नाही’ या तक्रारीत दोन वेगळी दुखणी एकत्र बांधलेली असतात. एक, कॉम्प्युटर यादीत नाही. दोन, कॉम्प्युटरपर्यंत पोचताच येत नाही. ती सुटी करायला एक मिनिट पुरतं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाईप करून त्याचा पत्ता बघितला: १९२.१६८.१.२०. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा मारून तोच पत्ता लिहिला आणि एंटर दाबलं. शेअर केलेलं फोल्डर समोर. टॅली चालू. मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण यादी अजून रिकामीच होती.

ही यादी म्हणजे काही रेशनकार्डावरची नोंद नव्हे. ती हाकाटीवर चालते. कॉम्प्युटर सुरू झाला की आपल्या आळीत ओरडतो, ‘मी आहे’. ऐकणारे ते नाव आपल्या खिडकीत मांडतात. ओरडण्याचं हे काम विंडोजमधली ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाची सर्व्हिस करते, आणि ती बऱ्याचदा ‘मॅन्युअल’वर ठेवलेली असते. मशीन नुसतं सुरू झालं म्हणून ती उठेलच असं नाही. इथे तेच झालं होतं. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ती ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’वर केली आणि काही वेळात कोपऱ्यातला गृहस्थ यादीत परतला.

नाव मात्र विंडोजने दिलेलं: ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अगम्य अक्षरं-आकडे. पेणकराला हे सांगावं लागू नये. कारखान्यात शेकडो मूर्ती ओळीने उभ्या असतात, आणि आपली कोणती ते पाटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरूनच कळतं. कॉम्प्युटरलाही अशी वाचता येणारी चिठ्ठी लावावी, पंधरा अक्षरांच्या आत. जुन्या पद्धतीच्या नावाला त्याहून जास्त जागाच नाही.

तिघांपैकी एका लॅपटॉपवर पत्ता टाकूनही काही उघडेना. हे दुसरं, खरं दुखणं. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून मालकांच्या मुलाने घरातला जुना राउटर आणून मध्ये जोडला होता. त्या राउटरने आपली वेगळीच आळी वसवली: बाकी सगळे १९२.१६८.१ मध्ये, लॅपटॉप एकटा १९२.१६८.० मध्ये. हाक राउटर ओलांडत नाही, आणि इथे तर पत्त्यालाही वाट मिळत नव्हती. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये हे नवं वायफाय ‘पब्लिक’ म्हणूनही नोंदलेलं होतं. पब्लिक म्हणजे विंडोजच्या लेखी एसटी स्टँड: गप्प बसायचं, कुणाला ओळख द्यायची नाही. ऑफिसातलं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ हवं. तो राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला, नेटवर्क प्रायव्हेट केलं, आणि लॅपटॉप घरी आला.

पूर्वी हे आपोआप व्हायचं, असं मालक म्हणाले. खरं आहे. जुन्या विंडोजमध्ये आळीतले कॉम्प्युटर आपसात चक्क निवडणूक घेत. जिंकणारा यादी सांभाळायचा, बाकीचे दर बारा मिनिटांनी हजेरी लावायचे. तीन हजेऱ्या चुकल्याशिवाय नाव कटत नसे, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासापूर्वी बंद झालेला कॉम्प्युटरही यादीत दिमाखात दिसे. म्हणजे तेव्हाही यादी खरं बोलत होती असं नाही, पण भरलेली असायची.

ती व्यवस्था ‘एसएमबी १’ या फाइल-देवघेवीच्या जुन्या पद्धतीवर उभी होती, आणि २०१७ साली तिच्यावर गदा आली. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने याच पद्धतीतल्या भगदाडातून जगभर धुमाकूळ घातला. मायक्रोसॉफ्टने डागडुजी १४ मार्चलाच दिली होती, पण कित्येकांनी ती लावली नव्हती. मग २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला, आणि तो आपल्या जिल्ह्यातच उतरला. उरण तालुक्यातल्या न्हावाशेवा बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्याची सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या हिशेबाच्या आणि कराच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. कर सल्लागाराच्या ऑफिसात बसून हे सांगताना मला स्वतःलाच कसंसं झालं. नॉटपेट्या तेच भगदाड वापरत होता, शिवाय एका मशीनवरून चोरलेल्या पासवर्डने डागडुजी झालेल्या शेजारच्या मशीनमध्येही शिरत होता. शेजारी शेजाऱ्याला दिसतो, ही सोयच त्याच्या पथ्यावर पडली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या अपडेटपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ येईनाशी झाली, आणि तिच्याबरोबर ती जुनी यादीही गेली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी एक दार लावलं: प्रो आवृत्तीत पासवर्डशिवाय ‘पाहुणा’ म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरता येत नाही. ऑफिसात एखादाच नवा कॉम्प्युटर आला आणि नेमका तोच अडला, तर आधी इकडे बघावं. शेअरिंगसाठी पासवर्ड असलेलं खातं काढून दिलं की तो बहुधा चालू लागतो.

आपल्याकडचे दुरुस्तीवाले या सगळ्यावर एकच काढा पाजतात: फायरवॉल बंद, एसएमबी १ चालू, पाचशे रुपये. लगेच गुण येतो, म्हणून तो खपतो. जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅनिंग एसएमबी १ शिवाय चालत नसेल, तर मी म्हणेन स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्या. फायरवॉलमध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला प्रायव्हेट नेटवर्कपुरती परवानगी दिली की काम भागतं. सगळी भिंत पाडायची गरज नसते.

निघता निघता मालकांनी खरा प्रश्न काढला. रोह्याला त्यांची शाखा आहे, धाटावच्या एमआयडीसीतल्या लहान कंत्राटदारांचं काम तिथे चालतं. ‘आता रोह्याचा कॉम्प्युटरही इथे दिसेल ना?’ पेण स्टेशनवरची घोषणा रोह्याला ऐकू येत नाही, गाडी मात्र जाते. घोषणेचं आणि गाडीचं काम वेगळं. पेण आणि रोह्याच्या राउटरांमध्ये व्हीपीएनचा रूळ टाकता येतो, त्यावरून फाइली जातात, हाक जात नाही. राउटरमध्ये ‘पोर्ट उघडून द्या’ असं त्यांना कुणीतरी सुचवलं होतं, ते मात्र मी करू दिलं नाही. शेअरिंगचं दार थेट इंटरनेटवर उघडणं म्हणजे दुकान महामार्गावर आणून कुलूप न लावणं.

व्हीपीएन पुढच्या आठवड्यात बसलं. रोह्याच्या ताईंना कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा पत्ता कागदावर लिहून दिला, मॉनिटरच्या कडेला चिकटवायला. तो पत्ता बदलू नये म्हणून पेणच्या राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

‘अहो, पेणचा कॉम्प्युटर अजून यादीत दिसत नाही.’

‘फाइल उघडते का?’

‘ती उघडते हो. सकाळपासून त्याच्यातच काम करतेय.’