गॉगल : चैन नव्हे, डोळ्यांची गरज

गॉगल म्हटला की सिनेमातला नट डोळ्यांसमोर येतो. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाईने किंवा हातगाडी ओढणाऱ्याने तो लावला, तर लोक हसतात. वास्तविक दिवसभर उन्हात राबणाऱ्यालाच त्याची खरी गरज आहे.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे दिसत नाहीत, पण इजा करतात. वर्षानुवर्षे त्यांचा मारा झाला, तर मोतीबिंदूचा धोका वाढतो. बुबुळावर मांसही वाढू शकते. चांगला गॉगल ही किरणे अडवतो, शिवाय धूळ-वाऱ्यापासूनही बचाव होतो.

मात्र काच जितकी काळी तितकी चांगली, हा गैरसमज आहे. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. काच किरणे अडवणारी नसेल, तर ती अधिकच आत शिरतात. म्हणून ‘यूव्ही ४००’ असा गॉगल खात्रीच्या चष्मेवाल्याकडूनच घ्यावा. त्यासाठी तो महागडाच हवा असे नाही.

निगा सोपी आहे. धुळीची काच पदराने किंवा सदऱ्याने कोरडी पुसू नये, ओरखडे पडतात. आधी पाण्याने धुवावी, मग मऊ सुती कापडाने टिपावी. गॉगल दोन्ही हातांनी काढावा. काचा खाली करून ठेवू नये, डबीत ठेवावा.

गॉगल लावूनही सूर्याकडे किंवा सूर्यग्रहणाकडे पाहू नये. रात्री वाहन चालवताना तो वापरू नये.

हातावर पोट असणाऱ्याची नजर अधू झाली, तर मजुरीही जाते. तेव्हा हसणाऱ्यांना खुशाल हसू द्यावे.