घोड्याच्या रक्तापासून पेशींच्या टाकीपर्यंत

मालवण-देवगडच्या कातळावर फुरसे या विषारी सापाची भीती जुनीच. हा सिंधुदुर्गाचा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता त्या काळी इंग्रज सरकार फुरशी मारणाऱ्यांना बक्षीस देई. विषावरचा खरा उतारा १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये सापडला: प्राण्याला थोडेथोडे विष टोचायचे आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे रुग्णाला द्यायची. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून असे प्रतिविष बनू लागले. फुरसे चावले तर आजही तसेच प्रतिविष टोचतात.

दुसरी वाट १९७५ साली निघाली. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे सतत बनवणाऱ्या पेशी तयार केल्या. पुढे प्रतिपिंडाचा जीन चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींत घालून त्या मोठ्या टाक्यांत वाढवू लागले. आता प्रश्न आला तो जीन लिहायचा कसा, हा.

जीनची भाषा तीन-तीन अक्षरांच्या कोडॉनची. एकूण ६४, त्यांतले ६१ कोडॉन प्रथिने घडवणाऱ्या २० अमिनो आम्लांसाठी. एकट्या ल्युसीनला सहा. म्हणजे तेच प्रतिपिंड असंख्य प्रकारे लिहिता येते, पण उत्पादन प्रत्येक वेळी सारखे येत नाही. १९७७ मध्ये सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचा कृत्रिम जीन जिवाणूसाठी बनवतानाच शास्त्रज्ञांनी कोडॉन पारखून घेतले होते. नंतर पेशीला सवयीचे कोडॉनच सगळीकडे वापरण्याची रीत पडली. २००७ साली धक्का बसला: अमिनो आम्ल न बदलता नुसता कोडॉन बदलला, तरी प्रथिनाचे वागणे बदलले. करूळ घाटात प्रत्येक वळणावर एकच वेग चालत नाही, तसेच हे; प्रथिनाची घडी नीट बसायला पेशीला मध्ये थोडे रेंगाळावेही लागते. प्रतिपिंड या प्रथिनाच्या तर जड आणि हलकी अशा दोन प्रकारच्या साखळ्या. त्यांचे प्रमाण बिघडले तरी उत्पादन घटते.

या वाटेचे फळ महाराष्ट्रातच पिकले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सच्या साथीने रेबीजविरुद्ध रॅबिशील्ड हे पेशींत बनणारे प्रतिपिंड २०१७ मध्ये बाजारात आणले. घोड्याच्या प्रतिपिंडांची मात्रा वजनाच्या किलोमागे ४० युनिट, याची ३.३३. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली अशा प्रतिपिंडांच्या वापराला मान्यता दिली.

सर्पदंशाचे गणित अवघड आहे. २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागाने नाग-मण्यारीच्या एका विषगटावर चालणारे कृत्रिम प्रतिपिंड जाहीर झाले. फुरशाच्या विषाची जातच वेगळी. कुत्र्याच्या चाव्यावर टाकीतले औषध आले, कातळावरच्या शेतकऱ्यासाठी ते अजून यायचे आहे. तोवर फुरसे चावले तर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठा.