वर सीनियर नसलेलं कॉलेज

भूम तालुक्यातल्या ईटचं पोरगं नीटमधून धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लागलं की गावाच्या लेखी ते त्याच दिवशी डॉक्टर होतं. डब्यात खवा बांधून दिला जातो. पंधरवड्यात घरी फोन येतो : शिकवलेलं कळतंय, पण इंग्रजीत लिहायचं कसं?

हे कॉलेज 2022 साली 100 जागांवर सुरू झालं. विद्यापीठ मात्र नाशिकला. 1998 साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पसारा राज्यभर. एमबीबीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग सगळं त्याच्या पोटात. विद्यार्थ्याची त्याच्याशी गाठ पडते ती हॉल तिकिटावर आणि निकालाच्या दिवशी. रोजचा आधार कॉलेजातच शोधावा लागतो.

अंबाजोगाईचं ‘स्वाराती’ वैद्यकीय महाविद्यालय 1974 चं. चौरसियाच्या अ‍ॅनाटॉमीत कुठं खूण करायची, व्हायव्हाला कोणते सर काय विचारतात, कुठल्या मेसच्या नादी लागू नये, हे तिथल्या नव्या पोराला सीनियरकडून आयतं मिळतं. धाराशिवच्या पहिल्या बॅचच्या वर कुणीच नव्हतं. रॅगिंगची धास्ती नाही, तशा नोट्सही नाहीत. सीनियर ही चीज दुधारी आहे. रॅगिंगबंदीचा कायदा महाराष्ट्रात 1999 पासून आहे. तरीही 2019 साली मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू आणि त्यामागचे छळाचे आरोप राज्याला ऐकावे लागले. भिंतीवर रॅगिंगविरोधी समितीचे फोन नंबर लावून भागत नाही, एवढं तरी त्यातून कळायला हवं होतं.

कागदावर सोयी आहेत. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच फाउंडेशन कोर्स आला, त्यात स्थानिक भाषाही आहे. पण माझ्या मते सगळ्यात कामाचा निघाला तो कुटुंब दत्तक कार्यक्रम. पहिल्या वर्षापासून प्रत्येकाकडे गावातली काही कुटुंबं. अधूनमधून जायचं, बीपी मोजायचं, विचारपूस करायची.

अशा भेटीत ऑल इंडिया कोट्यातला राजस्थानचा मुलगा आजीसमोर वही उघडून गप्प बसतो. आजी म्हणते, “गरगरतंय, अंगाला घाम सुटलाय.” ईटचा पुढं सरकतो.

“आज्जी, सकाळच्यानं काही खाल्लंय का?”

“शुगरची गोळी घेतलीया की. पर एकादस हाय लेकरा, खायाचं कसं?”

तो सरांना हाक मारतो, तोवर सूनबाईला साखर-पाणी करायला सांगतो. राजस्थानचा शब्द न् शब्द उतरवून घेतो. रात्री होस्टेलवर फेड होते : रिकाम्या पोटी गोळीनं साखर का उतरते ते राजस्थानचा ईटच्याला अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत समजावतो आणि परीक्षेत हे उत्तर कसं लिहायचं तेही मांडून दाखवतो.

मेंटॉर म्हणून एकेका प्राध्यापकाकडे विद्यार्थ्यांची यादी सोपवली जाते, ते ठीकच. पण अशा जोड्या पहिल्याच आठवड्यात लावून द्यायला ना निधी लागतो, ना नाशिकची मंजुरी.