मुदत संपलेली डोमेन नावे आणि 'बॅकऑर्डर' व्यवस्था : एक विवेचन

संकेतस्थळाचे नाव 'विकत घेतले' असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः डोमेन नाव ठरावीक मुदतीपुरते नोंदविले जाते व नूतनीकरण न झाल्यास ते धारकाकडे राहत नाही.

डॉट कॉम नावाची मुदत संपली म्हणजे ते त्याच दिवशी मोकळे होते, असे मात्र नाही. नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांचा सवलतीचा काळ मिळू शकतो. नाव रद्द केल्यानंतरही ३० दिवसांपर्यंत मूळ धारकाला ते जादा शुल्क भरून परत मिळविता येते. अखेरचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर ज्याची मागणी प्रथम पोहोचेल, त्याला ते मिळते. ही शर्यत काही क्षणांची असल्याने माणसाच्या हाताने ती जिंकणे जवळजवळ अशक्य असते. बॅकऑर्डर सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक नोंदणी कंपन्यांमार्फत एकाच वेळी संगणकीय मागण्या पाठवितात. नाव मिळाले तरच बहुधा पैसे आकारले जातात. मागणारे अनेक असल्यास लिलाव होतो. तथापि, पुष्कळ नोंदणी कंपन्या सवलतीच्या काळातच नाव स्वतः लिलावात काढतात. अशा वेळी इतरत्र नोंदविलेली बॅकऑर्डर निरुपयोगी ठरते.

स्थलनामांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी द्राक्षांसाठी परिचित आहे; सुला कंपनीच्या 'दिंडोरी रिझर्व्ह' या वाइनमुळे हे नाव बाजारातही गेले आहे. मध्य प्रदेशातील डिंडोरी जिल्ह्याचे नावही रोमन लिपीत असेच लिहिले जाते. देवनागरीत दोहोंत भेद राहतो; डॉट भारत ही देवनागरी नावांची सोय २०१४ पासून उपलब्ध आहे. परंतु रोमन नाव एका विस्तारात एकालाच मिळते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने खरा धोका नियतकालिकांना आहे. 'सायन्स' साप्ताहिकात जॉन बोहॅनन यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, शोधपत्रिकांची मुदत संपलेली डोमेन नावे बळकावून त्यावर बनावट पत्रिका चालविल्या जातात. तेथे प्राध्यापकांकडून प्रकाशनशुल्क घेतले जाते आणि जुन्या लेखांचे दुवे भलतीकडे नेतात. नव्या धारकाला त्या नावावर येणारी ई-पत्रेही वाचता येतात, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही.

कायद्याचा आधार आहे, पण मर्यादित. रेडिफ विरुद्ध सायबरबूथ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये डोमेन नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. डॉट इन नावांसाठी स्वतंत्र तंटानिवारण धोरण आहे. तेथे समोरच्याचा दुर्हेतू सिद्ध करावा लागतो. केवळ स्थलनाम असल्यास ते कठीण जाते. एसी डॉट इन व ईडीयू डॉट इन ही नावे अर्नेट इंडियामार्फत केवळ पात्र शैक्षणिक संस्थांनाच मिळत असल्याने ती सट्टेबाजांच्या हाती सहसा पडत नाहीत.

डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत मुदतीपूर्वी सुमारे महिनाभर व पुन्हा सुमारे आठवडाभर आधी सूचना पाठविणे नोंदणी कंपन्यांवर बंधनकारक आहे. ती सूचना नोंदीतील ई-पत्त्यावर जाते. तो पत्ता निवृत्त प्राचार्यांचा वा त्याच डोमेनवरचा असल्यास ती कार्यालयात कोणाच्याही दृष्टीस न पडण्याचा संभव असतो.