मुक्या प्रवाशाचा ताण

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील अनेक शेतकऱ्यांनी आपली जनावरे ट्रॅक्टर-ट्रॉलीत आणि टेम्पोत चढवून जयसिंगपूरसारख्या उंचावरील ठिकाणी हलवली. जीव वाचवणारा तो प्रवासही त्या जिवांना सुखाचा नव्हता. कारण कोणतेही असो, हलणारी गाडी गाई-म्हशींना परकीच असते. त्यांना आपला त्रास सांगता येत नाही. मात्र तो मोजता येतो.

भीती वाटताच शरीरातील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचे प्रमाण, हृदयाचे ठोके, श्वासाची गती, तापमान आणि घटलेले वजन यांवरून ताणाचा अंदाज बांधतात. अडचण अशी की, रक्त काढण्यासाठी जनावर जखडले तरी कॉर्टिसोल वाढते. म्हणून लाळ व शेण तपासण्याच्या पद्धती पुढे आल्या. गाईच्या शेणात ताणाची खूण साधारण १० ते १२ तासांनी उमटते. प्रवास संपला तरी त्याची साक्ष उरते. अशा मोजमापांतून वारंवार दिसले की, गाडीत चढवतानाचा आणि प्रवासाच्या आरंभीचा काळ जनावराला विशेष जड जातो.

आपल्याकडील १९७८ च्या पशुवाहतूक नियमांनुसार एका मालट्रकमध्ये सहापेक्षा अधिक गुरे नेता येत नाहीत. तळाशी पाय न घसरणारे काथ्याचे अंथरूण वा फळ्या हव्यात, सोबत एक माणूस हवा आणि दुसरा माल नसावा. जनावराचे तोंड शक्यतो इंजिनाकडे असावे, असेही त्यांत सांगितले आहे.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. येथे वध म्हणजे काठी-चाबकाने मारणे. करकचून बांधणे, चढवताना मारणे आणि वाटेत तहानलेले ठेवणे हे तिन्ही दोष एकाच प्रवासात घडू शकतात. श्रावकाने ज्यांपासून दूर राहावे, त्याच गोष्टींचा परिणाम आज प्रयोगशाळेत आकड्यांनी दिसतो.

गोठ्यात प्रयोगशाळा नसते. पण घड्याळ असते. जनावर शांत असताना त्याच्या कुशीची हालचाल एक मिनिट मोजावी आणि उतरवल्यावर पुन्हा मोजावी. श्वास पहिल्या आकड्याजवळ येईपर्यंत त्याला सावली, पाणी आणि विसावा द्यावा. व्रताचे पालन अशा लहान कृतींतूनच होते.