वजनकाट्याला न दिसणारी चरबी

जानेवारी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक. दोघांचाही बीएमआय २२.३. पण डेक्सा या क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून लठ्ठ असू शकतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणं. हे गणित १८३२ सालचं, बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांचं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, रोगी नव्हे. वजन हाडांचं, स्नायूंचं की चरबीचं, हे त्या आकड्याला कळत नाही. म्हणून पैलवान लठ्ठ ठरतो आणि पोट सुटलेला कारकून सुटतो. भारतीयांसाठी मर्यादा खाली आणून २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा मानतात, ते त्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते म्हणून.

मग चरबी मोजायची कशी? जिवंत माणसाची चरबी काढून तोलता येत नाही. त्यामुळे प्रत्येक पद्धत दुसरंच काहीतरी मोजते आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधते.

अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेनके यांनी १९४२ साली घनतेचा आधार घेतला. चरबीची घनता सुमारे ०.९, बाकी शरीराची सुमारे १.१. माणसाला पाण्याखाली तोललं की त्याची घनता निघते आणि घनतेवरून चरबीची टक्केवारी. घनता १.०५ असेल, तर चरबी साधारण २१ टक्के. वजनामुळे सैन्यभरतीत नापास झालेले फुटबॉलपटू मुळात स्नायूंनी भरलेले आहेत, हे याच पद्धतीने उघड झालं. पद्धत भरवशाची, पण श्वास पूर्ण सोडून पाण्याखाली बसणं सगळ्यांना जमत नाही.

त्याहून स्वस्त साधन म्हणजे कॅलिपर. दंड, पाठ, कंबर अशा ठिकाणी कातडीची घडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजायची. सारं यश मोजणाऱ्याच्या हातावर. आतड्यांभोवतीची चरबी मात्र या चिमट्यात येत नाही. तरीही याच साध्या साधनाने मोठी गोष्ट सांगितली. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंत खूप मागे होती, पण पाठीवरच्या घडीत फरक थोडाच होता. आपला बांधा असा गर्भातच घडतो.

जिममधलं किंवा घरातलं ‘स्मार्ट’ यंत्र शरीरातून सौम्य वीज सोडतं. स्नायूंत पाणी भरपूर, त्यांतून वीज सहज जाते, चरबी अडवते. म्हणजे यंत्र खरं तर पाणी मोजतं. घाम गाळून आलात, भरपूर पाणी प्यायलात की आकडा बदलला! फक्त पायांखाली पट्ट्या असतील, तर वीज मुख्यतः पायांतूनच फिरते आणि पोटाचा आकडा हिशेबातून येतो. पेसमेकर असलेल्यांनी या यंत्रावर उभं राहू नये.

डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरतात. मूळ काम हाडांची घनता मोजण्याचं, पण हात, पाय, धड यांतली चरबीही वेगवेगळी कळते. किरणांची मात्रा अगदी कमी असते. गरोदरपणी मात्र टाळतात. पोटातली खोलवरची चरबी प्रत्यक्ष दिसते ती सीटी आणि एमआरआयमध्ये. अर्थात केवळ कुतूहलापोटी हा खर्च करण्यात शहाणपण नाही.

कारण मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त नातं आहे ते पोटातल्या चरबीचं, आणि तिचा सुगावा साधी टेप देते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांचा ८०च्या पुढे गेला, किंवा उंचीच्या निम्म्याहून जास्त झाला, तर सावध व्हायचं. २०२५ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही लठ्ठपणाचं निदान एकट्या बीएमआयवर करू नये, असं सुचवलं.

घरातलं ‘स्मार्ट’ यंत्र वापरायचंच असेल, तर तेच यंत्र, सकाळची तीच वेळ, उपाशीपोटी. आणि एका दिवसाच्या आकड्याऐवजी काही महिन्यांचा कल पाहा. फराळाचे दिवस सरले की घरातल्या सगळ्यांचे घेर टेपने मोजून लिहून ठेवा. बारीक दिसणाऱ्यांना यातून वगळू नका.