रोजा आणि 'खाणे'

रमजान महिना लागला की तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कुरआनचे पठण सुरू होते. कुरआनचे तीस पारे आहेत आणि महिन्याचे दिवस एकोणतीस किंवा तीस. रोज एक पारा वाचला की महिन्याअखेर कुरआन पूर्ण होतो. 'तुझे किती पारे झाले?' असे या दिवसांत मित्रमैत्रिणी एकमेकांना हमखास विचारतात.

हा प्रश्न चांगलाच आहे. त्यामुळे वाचनाची गोडी लागते, नियम पाळला जातो. पण आणखी एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. 'वाचता वाचता तू कोठे थांबलास?' एखाद्या आयतीपाशी पाऊल अडावे, एखादा शब्द मनात घोळत राहावा, असे झाले का? मला तर वाटते, महिन्यात एकच शब्द नीट कळला तरी तो महिना सार्थकी लागला. या पाठात आपण अशाच एका शब्दापाशी थांबणार आहोत. शब्द अगदी साधा आहे : खाणे.

तुम्ही म्हणाल, रमजानमध्ये तर खाणे सोडायचे असते! बरोबर आहे. म्हणूनच हा शब्द निवडला.

रोज्याचे नियम दुसऱ्या पाऱ्यात, सूरा बकरामध्ये आहेत. या सूरेत २८६ आयती आहेत. त्यांपैकी १८३ ते १८७ या आयतींत रोजासंबंधी सांगितले आहे. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, रोजे फर्ज झाले. या पाच आयती सावकाश वाचल्या, तर त्यांत केवळ उपाशी राहण्याची आज्ञा नाही, हे ध्यानात येते. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. त्यांनी राहिलेले रोजे नंतर पुरे करावेत. ज्याला रोजा झेपतच नाही, त्याने एका गरिबाला जेवू घालावे. पाहा, ज्याला स्वतःचे पोट रिकामे ठेवता येत नाही, त्याने दुसऱ्याचे रिकामे पोट भरायचे! रोज्याच्या नियमांतच दुसऱ्याच्या जेवणाची काळजी आली आहे.

१८७व्या आयतीत खाण्यापिण्याची वेळ सांगितली आहे. पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खावे, प्यावे, असा तिचा आशय आहे. या आयतीची एक हकिगत हदीसमध्ये आली आहे. हातिमताईच्या औदार्याच्या गोष्टी तुम्ही उर्दूत वाचल्या असतील. त्याचे पुत्र हजरत अदी यांनी ही आयत ऐकली. त्यांनी एक काळा आणि एक पांढरा धागा घेतला आणि उशीखाली ठेवला. रात्री ते पुनःपुन्हा धागे पाहत राहिले, पण त्यांना काही फरक कळेना. सकाळी त्यांनी ही गोष्ट पैगंबरांना (स.) सांगितली. तेव्हा पैगंबर (स.) गमतीने म्हणाले की, मग तुमची उशी फारच रुंद असली पाहिजे! काळा धागा म्हणजे रात्रीचा अंधार आणि पांढरा धागा म्हणजे दिवसाचा उजेड, असा खुलासा त्यांनी केला. शब्द साधा असला तरी त्याचा अर्थ हाताला लागेपर्यंत शोधावा लागतो, तो असा.

आता पुढची आयत घ्या, १८८वी. रोज्याचे नियम संपले म्हणून येथे आपण भराभर पुढे जातो. येथेच थांबायचे आहे. या आयतीत म्हटले आहे की, एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाऊ नका, आणि लोकांच्या मालमत्तेचा भाग जाणूनबुजून गिळता यावा म्हणून हाकिमांपर्यंत पैसा पोचवू नका. अरबीत 'खा' आणि 'खाऊ नका' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. एका आयतीत रात्री खाण्याची परवानगी आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत दुसऱ्याचा माल खाण्याची मनाई आहे.

या शेजारात मोठा अर्थ आहे, असे मला वाटते. दिवसभर आपण काय सोडतो? घरातली भाकरी आणि माठातले पाणी. ते आपले स्वतःचे, कष्टाचे आणि हलाल असते. तेसुद्धा आपण सांगितलेल्या वेळी सोडू शकतो, हे रोजा आपल्याला शिकवतो. मग जे आपले नाहीच, ते सोडणे किती सोपे असले पाहिजे! आणखी एक गोष्ट पाहा. १८७व्या आयतीत वेळ दिली आहे : पहाट आणि रात्र. १८८व्या आयतीत वेळ दिलेली नाही. मगरिबची अजान झाली की पहिला रोजा सुटतो. हा दुसरा रोजा अजानने सुटत नाही, ईदचा चंद्र दिसला तरी सुटत नाही.

येथे भाषेची एक गंमत सांगतो. उर्दूत आपण 'रिश्वत खाना' म्हणतो. मराठीत 'लाच खाणे' आणि 'पैसे खाणे' हे शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यात आहेत. तसे पाहिले तर मराठी माणूस काय काय खातो! तो मार खातो, बोलणी खातो, भाव खातो. पण 'त्याने पैसे खाल्ले' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एकदम तिटकारा येतो. अरबी, उर्दू आणि मराठी या तीन वेगवेगळ्या भाषांनी या पापासाठी एकच क्रियापद वापरावे, हे नवलच आहे.

लाच खाणे ही मोठ्या माणसांची गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. पण समजा, सहलीसाठी वर्गातून पैसे जमवले. हिशेब तुमच्याकडे आहे. सहल झाल्यावर वीस रुपये उरले आणि कोणी विचारलेही नाही. त्या वीस रुपयांचे काय करायचे, हे ठरवताना ही आयत तुमच्या वहीत येऊन बसते.

आता चौथ्या पाऱ्यात या. सूरा निसाच्या १०व्या आयतीत हाच शब्द आहे. जे यतिमांचा, म्हणजे अनाथ मुलांचा माल अन्यायाने खातात, ते आपल्या पोटात आग भरतात, असा तिचा आशय आहे. इ. स. ६२५ मध्ये उहुदची लढाई झाली. तीत सुमारे सत्तर मुसलमान शहीद झाले. मदिनेत अनेक मुले पोरकी झाली. त्यांच्या वडिलांची मालमत्ता काका, मामा किंवा इतर पालकांच्या हाती आली. अशा वेळी ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या नियतीची परीक्षा असते.

अशा आयती ऐकून लोक फार घाबरले. ज्यांच्या घरी यतीम मुले होती, त्यांनी त्यांचे अन्न वेगळे काढले. मुलांच्या ताटात काही उरले तर त्याला कोणी हात लावेना. ते अन्न तसेच पडून नासू लागले. अखेर लोकांनी पैगंबरांना (स.) विचारले. तेव्हा सूरा बकराची २२०वी आयत उतरली. यतिमांना आपल्यात मिसळून घेतले तरी चालेल, ते तुमचे भाऊच आहेत, आणि कोण बिघडवणारा व कोण सुधारणारा हे अल्लाह जाणतो, असा तिचा अर्थ आहे. ही हकिगत मला फार आवडते. पोरक्या मुलाला वेगळ्या ताटात जेवायला बसवणे म्हणजे न्याय नव्हे. त्याला आपल्या दस्तरखानावर घ्यायचे आणि त्याच्या पैशाला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम साधायचे. हे अवघड आहे, पण आयतीत हेच मागितले आहे.

तिसरे ठिकाण बरेच पुढे, सव्विसाव्या पाऱ्यात आहे. सूरा हुजुरात ही अवघ्या अठरा आयतींची सूरा. तिच्या १२व्या आयतीत संशय घेणे, दुसऱ्याची गुपिते शोधणे आणि गीबत करणे या तिन्हींना मनाई आहे. गीबत करणे म्हणजे आपल्या मेलेल्या भावाचे मांस खाणे, असे तेथे म्हटले आहे. वाचतानाच अंगावर काटा येतो. येथे पैसा नाही, मालमत्ता नाही, नुसते बोलणे आहे. तरी शब्द तोच : खाणे.

'मेलेला भाऊ' का बरे? मला वाटते, मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, आणि ज्याच्या पाठीमागे आपण बोलतो तोही उत्तर देऊ शकत नाही. 'पण मी खरे तेच सांगितले!' असे आपण लगेच म्हणतो. हेच पैगंबरांना (स.) विचारले गेले होते. जे बोलला ते त्या माणसात असेल तर ती गीबत, नसेल तर तो बोहतान, म्हणजे खोटा आळ, असे त्यांनी स्पष्ट केले. 'गीबत'साठी मराठीत एकच नेमका शब्द सापडत नाही. 'चहाडी' थोडी वेगळी, 'निंदा' तोंडावरही करता येते. 'पाठीमागे उणीदुणी काढणे' हा शब्दप्रयोग त्यातल्या त्यात जवळचा आहे.

रमजानमध्ये मधल्या सुट्टीत डबा नसतो. हात रिकामे असतात, वेळ भरपूर असतो आणि गप्पांना रंग चढतो. आज न आलेल्या मुलीचा विषय निघतो. पोटात अन्नाचा कण नाही, आणि तरी खाणे चालूच आहे! जो खोटे बोलणे आणि तसे वागणे सोडत नाही, त्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, या आशयाची हदीस तुम्ही ऐकली असेल. ती अशाच सुट्टीत आठवावी.

शब्दापाशी थांबायचे तर भाषांतराची मदत घ्यावी लागते. दिल्लीचे शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर हे दोघे भाऊ. दोघांनीही कुरआनचे उर्दूत भाषांतर केले. एकाने अरबीच्या शब्दाखाली शब्द ठेवला, तर दुसऱ्याने लोकांच्या बोलीतली वाक्यरचना वापरली. दुसरे भाषांतर इ. स. १७९० च्या सुमारास पुरे झाले. मराठीतही कुरआनची भाषांतरे आहेत. विनोबा भावे यांनी तर अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला आणि त्यातील निवडक आयतींचा संग्रह तयार केला.

एक ठिकाण मी मुद्दामच तुमच्यासाठी ठेवले आहे. तिसऱ्या पाऱ्यात सूरा बकराच्या २७५व्या आयतीत हाच शब्द पुन्हा येतो. या वेळी तो व्याजासंबंधी आहे. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून तिचे उर्दू भाषांतर वाचा. मग तिचा आशय आपल्या मराठीत दोन-तीन वाक्यांत लिहून पाहा. लिहिताना 'व्याज घेणे' असे लिहायचे की 'व्याज खाणे', हे तुम्हीच ठरवा.